साडेतीनशे शब्दांतला भाऊ

टुलेरी, ९ सप्टेंबर २०१८

दुआर्त,

तुझं पत्र मिळालं. नेहमीप्रमाणे तुमच्या तुरुंगात कुणीतरी आधी उघडून वाचलं होतं आणि पाकीट वाकडंतिकडं चिकटवलं होतं. वाचणाऱ्या साहेबांना माझा नमस्कार सांग. आपल्या वावो आजीच्या गुडघ्यांची सगळी हकीकत आता त्यांना माझ्याइतकीच पाठ असेल.

माझं शाळेचं शेवटचं वर्ष सुरू झालं. राज्याच्या विद्यापीठाला अर्ज करायचा आहे, किनाऱ्यावरच्या, सगळ्यात अवघड असलेल्या. नोव्हेंबर संपायच्या आत तो गेला पाहिजे. गेल्या वर्षी आमच्या शाळेतून तिथे एकच मुलगा गेला, आणि त्याचा बाप दंतवैद्य आहे. शाळेत अर्जांचं बघायला मिसेस टॅगर्ट म्हणून बाई आहेत. त्यांच्या वाट्याला इतकी पोरं आहेत की बोलता बोलता त्यांनी मला दुसऱ्याच मुलीच्या नावाने हाक मारली. माझे गुण बघून म्हणाल्या, गुण तिथे सगळ्यांनाच असतात, तुझी गोष्ट काय ते सांग.

म्हणजे असं, की अर्जात चार प्रश्न असतात आणि प्रत्येकाचं उत्तर साडेतीनशे शब्दांत बसवायचं. त्यातला एक असा, तुमच्यावर आलेलं सगळ्यात मोठं संकट कोणतं आणि तुम्ही त्यातून कसे वर आलात. मी म्हटलं, माझ्यावर कसलं संकट, मी आपली पहाटे वासरांना दूध पाजते आणि शाळेत येते. मग त्यांनी घरी कोण कोण असतं ते विचारलं. मी तुझं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

तर तुझी परवानगी हवी. मी पाच वर्षांची होते, मायने सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. बाबा पिऊन आला, स्वयंपाकघरात त्याने मायवर हात उगारला, तू मध्ये पडलास आणि तुझ्या हातून तो गेला. मला स्वतःला काय आठवतं सांगू? एक मोजा. राखाडी, अंगठ्याजवळ भोक पडलेला. कुणाचा होता कोण जाणे. एवढ्या मोठ्या प्रसंगातून मी उचललं काय तर मोजा.

फेब्रुवारीत तुझी सुटकेची सुनावणी आहे हे माय वावोला रोज सकाळी सांगते, आणि वावो रोज नव्याने ऐकल्यासारखी रडते. सगळं नीट झालं तर उन्हाळ्यात तू घरी असशील आणि मला विद्यापीठात सोडायला तूच येशील. गाडी चालवता येते ना अजून?

नेलिया


तुरुंगातून, २३ सप्टेंबर २०१८

नेलिया,

गाडी येते. रस्ते विसरलो असेन, ते तू सांग.

गंमत बघ, मीही सध्या अर्जच लिहितोय. फेब्रुवारीत पॅरोल बोर्डापुढे बसायचं तर आधी कागदावर मांडावं लागतं, की मी काय केलं, का केलं आणि आता मी कसा वेगळा आहे. तुला साडेतीनशे शब्दांची अट आहे. मला अटच नाही, आणि माणूस फसतो तो तिथेच. दर गुरुवारी आमचा त्यासाठी वर्ग असतो. वर्गात कॉर्नेल नावाचा म्हातारा आहे, बोर्डापुढे पुष्कळदा नापास झालेला, त्यामुळे आमचा गुरुजी तोच. तो म्हणतो, तुमच्या वाक्यात जिथे 'पण' येतो तिथे समोरची माणसं पेन उचलतात. मी खून केला, पण तो पिऊन यायचा. मी खून केला, पण मी एकोणीस वर्षांचा होतो. संपलं. तीन वर्षं, पाच वर्षं, जा परत.

आता तुझ्या अर्जाचं. तू वासरांवर लिही. थट्टा नाही करत. तुला वाटतं ते काही काम नव्हे, कारण आपल्या भागात सगळेच करतात. किनाऱ्यावरच्या पोरांनी कधी वासराच्या तोंडात बोटं घालून त्याला बादलीतून प्यायला शिकवलेलं नाही. शाळेच्या आधी तू ते रोज करतेस, मग वर्गात जाऊन गणितात पहिली येतेस. दवाखान्यात वावोचं पोर्तुगीज डॉक्टरला आणि डॉक्टरचं इंग्रजी वावोला समजावून कोण सांगतं? जिल्ह्याच्या जत्रेत कालवडीला बक्षीस कुणी मिळवलं? हे सगळं अर्जात ज्या त्या जागी लिही, आणि तासांसकट लिही. आपल्या घरात फुशारकी मारायची पद्धत नाही, ती या अर्जापुरती मोड.

माझ्यावर लिहू नकोस. का ते विचारू नकोस, एवढं माझं ऐक.

मायला सांग, सदरा मिळाला. गळ्याला घट्ट होतो, म्हणजे मी इथे सुखात आहे असं तिला वाटू दे.

दुआर्त


टुलेरी, १४ ऑक्टोबर २०१८

दुआर्त,

वासरांवर लिहिलं. चांगलं लिहिलं होतं, तोंडात बोटं घालायचंही लिहिलं. मिसेस टॅगर्टनी वाचलं आणि जांभई दाबली. म्हणाल्या, या खोऱ्यातलं प्रत्येक पोर गाई लिहितं, आणि वाचणारी माणसं दिवसाला ढिगाने अर्ज वाचतात, दहाव्या गाईला त्यांचे डोळे मिटतात. वासरं दुसऱ्या प्रश्नात ठेव, पण संकटाच्या प्रश्नाला तुझा भाऊच हवा.

मग मी लिहिलं. रागावू नकोस. सुरुवात अशी आहे: 'मी पाच वर्षांची असताना माझ्या भावाने माझ्या आईचा जीव वाचवला, आणि त्याबद्दल स्वतःचं आयुष्य देऊन टाकलं.' पुढे स्वयंपाकघर, बाबाचा उगारलेला हात, तू. मग भेटीच्या खोलीतली तुझी आणि माझी बेरीज-वजाबाकी, तू मला पाढे शिकवायचास ते. शेवटी, 'माझा भाऊ तुरुंगात आहे, पण धैर्य म्हणजे काय ते मी त्याच्याकडून शिकले.' तुझ्या कॉर्नेलला 'पण' चालत नाही ना? आमच्या बाईंना फार आवडतो. त्या म्हणतात, निबंध त्या 'पण'वरच उभा राहतो.

मोजाही घातला होता. त्यांनी तो खोडला. याचा पुढे काही उपयोग होत नाही, म्हणाल्या, साडेतीनशेत बसायचं तर जे कामाचं नाही ते काढायचं. पहिल्यांदा वाचताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पेटीतला कागदी रुमाल घेताना त्यांनी मलाही एक दिला, मी रडत नव्हते तरी.

मायला वाचून दाखवला. ती म्हणाली, चांगलं लिहिलंस, आणि उठून दोरीवरचे कपडे काढायला गेली. ते अजून ओलेच होते.

नेलिया


तुरुंगातून, २९ ऑक्टोबर २०१८

नेलिया,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

बाबा त्या संध्याकाळी प्यालेला नव्हता. दुपारचं दूध काढून तो गोठ्यावरून घरी आला होता. मागच्या दाराच्या पायरीवर तो नेहमी बसायचा, घराकडे तोंड करून, तसाच बसला होता आणि बूट काढत होता. पाठ अंगणाकडे होती, म्हणजे माझ्याकडे. फाटकाचा लोखंडी दांडा कुंपणाला टेकून ठेवलेला असायचा. तो मी उचलला. मी दोनदा मारलं. दुसऱ्यांदा मारायची काही गरज नव्हती, ते मला मारतानाही कळत होतं.

माय आत होती. त्या दिवशी तिच्यावर कुणी हात उगारला नव्हता. आधीच्या रविवारी उगारला होता आणि त्याआधी पुष्कळदा, ते सगळं खरं आहे, पण मी... बघ, आला 'पण'. खोडतो.

हे खटल्यात सगळं आलेलं आहे. तू ते कागद कधी वाचले नाहीस आणि तुला कुणी वाचू दिले नाहीत. माय तुला दुसरंच सांगते आहे हे मला तुझ्या पहिल्याच पत्रातून कळलं होतं. पेन्सिलने काढलेलं चित्र होतं, मी त्यात फार उंच होतो. मी म्हटलं, पोर लहान आहे, राहू दे. मग तू लहान राहिली नाहीस आणि तोवर मला ते आवडायला लागलं होतं. या जागेत कुणाला ना कुणाला आपण बरे वाटतो, एवढ्यावर माणूस दिवस काढतो.

एक त्यातल्या त्यात बरं की तू आत खेळत होतीस आणि तू काही पाहिलं नाहीस. इतकी वर्षं मी तेवढं एक धरून आहे.

तर तो निबंध पाठवू नकोस. वासरंच पाठव, दहाव्या गाईला डोळे मिटले तर मिटू देत. माझ्यावर लिहायचंच असेल तर हे वर लिहिलंय ते लिही.

दुआर्त


टुलेरी, २५ नोव्हेंबर २०१८

दुआर्त,

उशीर झाला. थँक्सगिव्हिंगचा सण होता, माय नेहमीसारखी टर्कीच्या पोटात लिंग्विसा सॉसेजचे तुकडे भरून बसली होती आणि वावो कुणाला ओळखत होती, कुणाला नाही. तुझी खुर्ची मांडली होती.

तुझं पत्र मी वाचलं. मग बऱ्याच दिवसांनी पुन्हा वाचलं. मला त्यातलं काही खरं वाटत नाही. राग येऊ देऊ नकोस, पण तुम्हा लोकांना त्या वर्गात बसवून घोकून घेतात की सगळा दोष माझा, सगळा दोष माझा, आणि जो चांगलं घोकतो तो सुटतो. हे तूच सांगितलंयस. बारा वर्षं कुणी रोज तेच म्हणायला लावलं तर मीसुद्धा म्हणेन की मी कुणाला तरी पाठीमागून मारलं. तू तसा नाहीस. तू भेटीच्या खोलीत माझ्या बुटांच्या नाड्या बांधायचास आणि पहारेकरी ओरडला की दोन्ही हात वर करायचास. तुला कॉर्नेल ओळखत नाही, मी ओळखते.

मायला मी विचारलं नाही. ती आधीच झोपत नाही, तिला आणखी कशाला.

अर्ज गेला. चारही उत्तरं, तुझ्यासकट. बटण दाबताना मिसेस टॅगर्ट शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि या वेळी नावही बरोबर घेतलं.

आणि एक ऐक. तू बोर्डापुढे स्वतःला खाली पाडायचं ठरवलं असशील तर कुणीतरी तुला वर धरायला हवं. मी फेब्रुवारीसाठी एक काम योजलंय. काय ते सांगणार नाही. तुला त्या दिवशीच कळेल.

नेलिया


तुरुंगातून, १६ डिसेंबर २०१८

नेलिया,

तुझ्या पत्रावर भांडायला बसलो होतो, पण नाताळ आहे, जाऊ दे. तू सुनावणीला यायचा बेत केला असशील तर सोडून दे, तिथे घरच्यांना बसू देत नाहीत. ओळखलं ना मी तुझं गुपित?

कॉर्नेल सुटला. खरंच सुटला. बोर्डाने हो म्हटलं तर हा इतका गप्प झाला की आम्हाला वाटलं पुन्हा नापास. जाताना त्याने मला स्वतःची उशी दिली. मी माझा कागद त्याला वाचून दाखवला होता. बूट काढत होता, पाठ माझ्याकडे होती, इथपर्यंत आलो तेव्हा म्हणाला, 'बस. याच्यापुढे एक शब्द घालू नकोस.'

मीही आशा धरलीय. धरायची नाही असं ठरवलं होतं. फ्रेस्नोला सुटून आलेल्यांसाठी घर आहे, तिथे माझ्या नावाने खाट ठेवलीय. वेल्डिंगचं प्रमाणपत्र आहे, एका माणसाने काम द्यायचं पत्र दिलंय. सुटल्यावरच्या पहिल्या इस्टरला मायने गोड पाव केला की त्यात भाजलेलं अंडं मला हवं, तुला नाही.

बुटांचं मी बाहेर आल्यावर बोलू. समोरासमोर बसून सांगितलं की तुला कळेल की मी घोकलेलं नाही. घाई नको.

दुआर्त


तुरुंगातून, २४ फेब्रुवारी २०१९

नेलिया,

नकार आला. तीन वर्षं.

कसं झालं ते तुला कळलं पाहिजे म्हणून लिहितो. सकाळी आत जायच्या आधी वकिलाने मला एक कागद दाखवला, म्हणाला, हा थेट बोर्डाकडे आलाय, शेवटच्या घटकेला, आता काढता येणार नाही. तुझा निबंध होता. वर बोर्डाच्या नावाने दोन ओळी आणि खाली तेच साडेतीनशे शब्द.

सकाळभर मी बोललो. बरं बोललो, नेलिया. एकही 'पण' घातला नाही. समोर एक बाई आणि एक गृहस्थ होते. मी बुटांचं सांगितलं, दुसऱ्यांदा मारल्याचं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, वकील खाली बघून हलकेच मान डोलावत होता. मग त्या बाईंनी तुझा कागद घेतला आणि सगळा मोठ्याने वाचला. स्वयंपाकघर, उगारलेला हात, माझ्या भावाने माझ्या आईचा जीव वाचवला. इतकं चांगलं लिहिलंयस तू. त्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, 'तुमच्या बहिणीला खरं काय ते माहीत नाही?'

मी म्हटलं, 'मी तिला सांगितलंय.'

'कधी?'

'ऑक्टोबरमध्ये.'

'बारा वर्षांनी,' त्या म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

मग ते गृहस्थ बोलले. फार शांतपणे बोलले. 'तुम्ही आम्हाला एक सांगता आणि घरी दुसरं चालू देता. उद्या आम्ही तुम्हाला सोडलं तर तुम्ही कुठल्या गोष्टीत राहायला जाणार?'

तो प्रश्न मी अजून रोज स्वतःला विचारतो.

निकालात लिहिलंय की गुन्ह्याची जाणीव अजून पुरती झालेली नाही. तू चुकली नाहीस असं मी लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोटं लिहायचं मी सोडलंय. तू चुकलीस. मी तुझ्या आधीपासून चुकत होतो आणि जास्त वेळ चुकलो.

मायला तू सांग. फोनवर मला जमलं नाही, मी हवेबद्दल बोललो.

दुआर्त


टुलेरी, ३१ मार्च २०१९

दुआर्त,

तुझं पत्र आल्यापासून मी रोज लिहायला बसते आणि उठते. मी केलं. तुला वर धरायला गेले आणि मीच तुला आत ढकललं. आणखी काय लिहू?

मी मायला विचारलं. ती पावाचं पीठ मळत होती. मी तुझं पत्र तिच्यासमोर धरलं नाही, नुसतं विचारलं की त्या दिवशी बाबा पिऊन आला होता का. तिने हात थांबवले नाहीत. मळता मळताच म्हणाली, 'त्याने पायांना गरम पाणी मागितलं होतं. मी ठेवलं होतं शेगडीवर.' मग म्हणाली, ते पाणी तसंच राहिलं, पोलीस आले, गेले, आणि कुणीतरी शेगडी बंद केली तोवर भांडं जळलं होतं. मी विचारलं, मग मला दुसरं का सांगितलंस. ती म्हणाली, तुला भाऊ तरी राहावा म्हणून. तिच्यावर ओरडायचं होतं मला. तिच्या हातांना पीठ लागलं होतं आणि तिला डोळे पुसता येत नव्हते, मग मीच पुसले.

आता दुसरं. मला घेतलं. त्या विद्यापीठाने. गुरुवारी संध्याकाळी संगणकावर पान उघडलं तर वरून रंगीत कागदांचे तुकडे पडायला लागले आणि बँड वाजला. आवाज कसा बंद करायचा ते सापडेना. वावोला काही कळलं नाही, पण बँड ऐकून ती टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या दिवशी मिसेस टॅगर्टनी मला मिठी मारली. त्यांनी फळ्याशेजारी माझं नाव लावलंय, दंतवैद्याच्या पोराच्या खाली.

मी जाणार नाही. ज्या कागदाने तू अडकलास त्याच कागदावर मिळालेली जागा मला नको. इथल्या कॉलेजात नाव घालते, वासरं आहेतच. तू बाहेर येईपर्यंत मी कुठे जाणार नाही.

नेलिया


तुरुंगातून, १४ एप्रिल २०१९

नेलिया,

मायने पाणी ठेवलं होतं हे मला माहीत नव्हतं. बारा वर्षं त्या संध्याकाळचा प्रत्येक कोपरा उलटापालटा केला, हे राहूनच गेलं होतं.

आता नीट ऐक, मी मोठा आहे. तू जायचंस. आपण दोघंही इथे अडकलो तर मायला काय उरलं? तू घरी बसून वासरं पाजलीस म्हणून माझं एक वर्ष कमी होणार नाही. निबंधाचं मन खात असेल तर विद्यापीठाला खरं काय ते कळव. त्यांनी जागा काढून घेतली तर घेऊ देत, आपण पुन्हा अर्ज करू, आता तर आपल्या दोघांनाही सवय झालीय. नाही काढली तर जा.

माझं एक मागणं आहे. तीन वर्षांनी मला पुन्हा बसायचंय, आणि ते तुझा कागद मागणार. आत्तापासून लिही. काही दिवसांपूर्वी मी तुझा निबंध आणि माझा कागद शेजारी शेजारी ठेवले. तुझ्यात बाबा म्हणजे एक उगारलेला हात आहे. माझ्यात तो नुसती पाठ आहे. बाकीचा माणूस दोन्हींत कुठेच नाही. तो आपल्याला कसा होता हे कुणी कधी विचारलं नाही आणि आपण सांगितलं नाही. तू त्याची लाडकी होतीस. तुला काही आठवत असेल तर ते लिही. मला पाठव, मी मिसेस टॅगर्टसारखा लाल पेनाने बघतो.

मला सोपं जावं म्हणून काही लिहू नकोस.

दुआर्त


टुलेरी, १८ ऑगस्ट २०१९

दुआर्त,

उद्या निघते. मायचा भाऊ सोडायला येतोय, गाडीत वावोची जुनी रजई आणि माझ्या दोन पेट्या आहेत.

विद्यापीठाला मी सगळं कळवलं होतं, मे महिन्यातच. काय घडलं होतं, मला काय सांगितलं गेलं होतं, मी कधी ऐकलं आणि तरीही काय पाठवलं. दोन पानं झाली. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. कळवल्याबद्दल आभार, प्रवेशाच्या निर्णयात बदल नाही. मला वाटतं तिकडे कुणी घसासुद्धा साफ केला नसेल. तुझ्यासाठी ज्याची तीन वर्षं झाली त्याच्या माझ्यासाठी दोन ओळी झाल्या, आणि ते मला जन्मभर पचणार नाही.

तू मागितलेला कागद लिहिलाय. उन्हाळाभर लिहीत होते. रोज संध्याकाळी मागच्या दाराशी जाऊन बसायचे, म्हणजे आताच्या घराच्या, जुनं तर पाडलं. बसून बसून एकेक आठवत गेलं. पाठवू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. तू इतकी वर्षं एक गोष्ट धरून आहेस आणि ती मी तुझ्याकडून काढून घेणार आहे. पण तूच म्हणालास, सोपं करू नकोस. बघ, आला 'पण'. हा राहू दे.

लाल पेनाने हवं ते खोड. साडेतीनशे काही झाले नाहीत, फार थोडे झाले.

'माझं नाव नेलिया. दुआर्त माझा भाऊ आहे. आमचा बाप होरासियू दूध काढायच्या कामाला होता. तो माझ्या आईला मारायचा. मला त्याने कधी मारलं नाही. त्या संध्याकाळी तो प्यालेला नव्हता. त्याने पायांसाठी गरम पाणी मागितलं होतं आणि तो पायरीवर घराकडे तोंड करून बूट काढत होता. मी जाळीच्या दाराआड उभी होते. एक बूट निघाला होता. त्याच्या राखाडी मोज्याला भोक होतं आणि त्यातून तो मला अंगठा हलवून दाखवत होता. तो रोज असं करायचा. मी हसत होते. माझा भाऊ त्याच्या मागून आला, तेव्हा मी हसतच होते.'

नेलिया